चोराचा पुतळा
(अभ्यास-लेख : इयत्ता आठवी ते दहावी. पालकांनीही वाचावा ही विनंती.)



'माझा आवडता नायक' हा विषय निबंधाला दिला की वह्यांत काय येणार, हे आम्हाला साधारण ठाऊक असते. शिवाजी महाराज येतात, सचिन येतो, डॉ. कलाम येतात. राणी लक्ष्मीबाई तर येतेच येते, कारण तिची समाधी आपल्याच गावात आहे. यंदा मात्र तीन-चार वह्यांत एक नवे पाहुणे आले : आर्सेन ल्यूपँ, राहणार पॅरिस, व्यवसाय चोरी. एकाने तर लिहिले होते की, "तो चोर असला तरी सज्जन आहे, तो कोणालाच सापडत नाही आणि त्याचे कपडे छान असतात."

आम्ही रागावलो नाही. उलट आनंद झाला, कारण निबंध कुठल्या मार्गदर्शिकेतून उतरवलेला नव्हता. पण या पाहुण्याची नीट चौकशी करावी असे वाटले, म्हणून हा लेख.

ल्यूपँ जन्मला कागदावर, १९०५ साली. मोरिस लब्लाँ नावाच्या फ्रेंच लेखकाने त्या वर्षी एका मासिकात त्याची पहिली कथा लिहिली. गंमत अशी की त्या पहिल्याच कथेत ल्यूपँ पकडला जातो! एका मोठ्या प्रवासी जहाजावर त्याला अटक होते, आणि कथेचे नावच मुळी 'अटक' अशा अर्थाचे आहे. वाचकांना तो इतका आवडला की लब्लाँना त्याला तुरुंगातून पळवून पुढे अनेक वर्षे जिवंत ठेवावे लागले. २०२१ साली आलेली 'ल्यूपँ' ही फ्रेंच मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिली आहे. तीमधला नायक लब्लाँची पुस्तके वाचून तशाच चोऱ्या करतो.

ल्यूपँनंतर सहा वर्षांनी, १९११ मध्ये, फ्रान्सात आणखी एक अदृश्य गुन्हेगार आला, त्याचे नाव फँतोमास. हा वेष पालटण्यात ल्यूपँइतकाच तरबेज, पण मनाने अगदी उलटा. ल्यूपँ खून टाळतो, फँतोमासला खुनाचे काहीच वाटत नाही. लुई फ्यूयाद या दिग्दर्शकाने १९१३ पासून त्याचे मूकपट काढले आणि पॅरिसचे लोक गर्दी करून ते पाहू लागले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांनाही चोर आवडतच होता, फक्त तो देखणा असावा आणि पोलिसाच्या हातून निसटावा एवढीच अट.

पुढे फ्रेंच सिनेमाने चोरीची जणू कलाच केली. दोन चित्रपटांची नावे सांगतो. पहिला 'रिफिफी', १९५५ सालचा. चार चोर सराफी पेढीच्या वरच्या मजल्यावरच्या घरात शिरतात आणि जमीन फोडून खाली उतरतात. फोडलेले तुकडे खाली पडून आवाज होऊ नये म्हणून भोकातून एक छत्री खाली सोडून ती उघडतात, आणि पडणारा सगळा चुरा त्या छत्रीत झेलतात. हा प्रसंग जवळजवळ अर्धा तास चालतो, त्यात एक शब्द नाही आणि संगीतही नाही. दुसरा चित्रपट झाँ-पिएर मेलव्हिल यांचा 'ल सेर्क्ल रूज', म्हणजे 'लाल वर्तुळ', १९७० सालचा. त्यातही सराफी पेढीची चोरी अशीच निःशब्द आहे. (या चित्रपटाच्या आरंभी गौतम बुद्धांच्या नावावर एक वचन दिले आहे. ते मेलव्हिल यांनी स्वतःच रचलेले होते! मोबाइलवर थोरांच्या नावाने फिरणारी सुविचारांची चित्रे पुढे पाठवण्याआधी हे आठवावे.)

हे चित्रपट पाहिलेले लोक छत्रीबद्दल, शांततेबद्दल, नायकाच्या कोटाबद्दल भरभरून बोलतात. शेवटाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. 'रिफिफी'तले चारही चोर मरतात. 'ल सेर्क्ल रूज'मधले तिघेही मरतात.

मराठी वाचकाला हे सारे अगदीच परके नाही. तुमच्या आजोबांना बाबूराव अर्नाळकर हे नाव विचारून पाहा. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारे हे गृहस्थ. त्यांचे 'झुंजार' आणि 'काळापहाड' हे नायक कायद्याच्या कडेकडेने चालणारे, पण दुर्बळांच्या बाजूचे. एके काळी घराघरांत ही पुस्तके उशीखाली लपवून वाचली जात, आणि लपवून वाचणाऱ्यांत आज या पत्रिकेचे काही ज्येष्ठ वाचकही असतील अशी आमची खात्री आहे. त्यामुळे मुलांच्या वहीत ल्यूपँ आला म्हणून फार कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही.

आणि आपण तर ग्वाल्हेरकर. चंबळचे खोरे आपल्या दाराशी. इथे दरोडेखोराला डाकू म्हणत नाहीत, 'बागी' म्हणतात, म्हणजे बंडखोर. शब्द बदलला की माणसाची किंमत कशी बदलते पाहा! १९७२ च्या एप्रिलमध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्यासमोर माधोसिंह, मोहरसिंह यांनी शस्त्रे खाली ठेवली. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंडला फूलनदेवी शरण आली, तेव्हा तिला पाहायला हजारोंची गर्दी लोटली होती. त्या गर्दीतले काही जण आजही आपल्या गल्ल्यांत भेटतात आणि रंगवून सांगतात.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर थोडे व्याकरणाबाहेरचे पाठांतर करू. आपण चोरी, लूट, दरोडा हे शब्द सरमिसळ वापरतो. कायदा तसे करत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात चोरी कलम ३०३ मध्ये आहे, जबरी चोरी ३०९ मध्ये आणि दरोडा ३१० मध्ये. मालकाच्या संमतीवाचून वस्तू नेली तर चोरी. त्यासाठी मारहाण केली किंवा धाक दाखवला तर जबरी चोरी. आणि तीच जबरी चोरी पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर दरोडा. म्हणजे 'रिफिफी'तल्या चौघांनी कितीही मोठी पेढी फोडली तरी आपल्या कायद्याने तो दरोडा होत नाही! फसवून ऐवज काढून घेणे ही निराळीच गोष्ट, ती कलम ३१८ मधली फसवणूक.

आता खऱ्या माणसाकडे येऊ.

चार्ल्स सोभराज. जन्म ६ एप्रिल १९४४, सायगाव, व्हिएतनाम. वडील सिंधी, आई व्हिएतनामी, आईचे दुसरे पती फ्रेंच सैनिक, त्यामुळे तो फ्रान्समध्ये वाढला आणि नागरिकही फ्रान्सचाच. दिसायला देखणा, अनेक भाषा येणारा, कपडे नीटनेटके, बोलणे मधाळ. निबंधातला ल्यूपँ हाडामांसाचा झाला तर असाच दिसेल.

१९७१ साली दिल्लीच्या अशोका हॉटेलात त्याने सराफी दुकान लुटायचे ठरवले. दुकानाच्या वरच्या खोलीत एक परदेशी नर्तकी उतरली होती. तिला तिच्याच खोलीत कोंडून त्याच्या टोळीने जमिनीला भोक पाडायला घेतले. वाचताना ओळखीचे वाटते ना? 'रिफिफी'त हे काम अर्ध्या तासात झाले. अशोकाच्या जमिनीपुढे मात्र यंत्राने हात टेकले. मग फसवणूक आणि धाकाच्या जोरावर दागिने मिळवले, पण विमानतळावरच्या तपासणीच्या भीतीने ऐवज टाकून पळावे लागले. यात शोभिवंत असे काही दिसत नाही. तीन दिवस डांबून ठेवलेली एक घाबरलेली बाई तेवढी दिसते, आणि चित्रपटात अशा बाईला संवाद नसतो.

त्याच वर्षी मुंबईत पोलिसांना खबर लागली की काही परदेशी माणसे मोठ्या लुटीच्या तयारीत आहेत. पाळत ठेवणाऱ्यांत मधुकर झेंडे नावाचे अधिकारी होते. १९५९ साली उपनिरीक्षक म्हणून पोलिसात आलेले, मराठी घरातले, साध्या राहणीचे. ११ नोव्हेंबर १९७१ रोजी ताजमहाल हॉटेलाजवळ सुटाबुटातला सोभराज त्यांनी पकडला. त्याच्याकडे पिस्तूल होते.

तो सुटला. दिल्लीत पोट दुखल्याचे सोंग करून इस्पितळात दाखल झाला आणि तिथून पळाला. पुढची चार-पाच वर्षे फार काळी आहेत. त्या काळात युरोप-अमेरिकेतली तरुण मुले कमी पैशांत भारत, नेपाळ, थायलंड पाहायला येत. सोभराज त्यांना गाठायचा, मदत करायचा, जेवू घालायचा आणि औषधाच्या नावाखाली गुंगीचे काहीतरी द्यायचा. पैसे जात, पारपत्र जाई आणि कित्येकांचा जीवही जाई. मेलेल्याच्याच पारपत्रावर स्वतःचे छायाचित्र लावून तो पुढच्या देशात जाई. निदान बारा खुनांचा ठपका त्याच्यावर ठेवला गेला. आपल्याकडचे जुने ठग वाटसरूंच्या सोबतीला लागून विश्वास संपादन करत आणि मग घात करत. त्यातलाच हा प्रकार, फक्त पोशाख पॅरिसचा. बँकॉकमधील एका तरुण डच राजनैतिक अधिकाऱ्याने, हेर्मान क्निपेनबर्ग यांनी, दोन बेपत्ता देशबांधवांचा माग काढत त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा केले. ते काम त्यांच्या नोकरीचे नव्हतेच, तरी त्यांनी सोडले नाही.

१९७६ च्या जुलैमध्ये तो दिल्लीत पुन्हा सापडला. पकडले कोणी? विद्यार्थ्यांनी! फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका सहलीत तो वाटाड्या म्हणून शिरला होता. पोटाच्या विकाराचे औषध म्हणून त्याने सगळ्यांना गोळ्या वाटल्या. त्या अपेक्षेपेक्षा लवकर लागू पडल्या आणि हॉटेलच्या दालनातच मुले धडाधड कोसळू लागली. ज्यांनी गोळी घेतली नव्हती त्यांच्या लक्षात प्रकार आला आणि त्यांनी झडप घालून त्याला धरून ठेवले. 'कोणालाच न सापडणारा' माणूस असा काही शिकाऊ पोरांच्या हाती लागला.

त्याला शिक्षा झाली, तिहार तुरुंगात रवानगी झाली. तिथे पैशाच्या जोरावर तो ऐषारामात राहत असे. शिक्षा संपत आली होती आणि सुटला असता तर थायलंडच्या स्वाधीन व्हावे लागले असते, जिथे मृत्युदंडाची भीती होती. १६ मार्च १९८६ रोजी त्याने तुरुंगात वाढदिवसाची मेजवानी दिली. पहारेकऱ्यांना मिठाई वाटली, मिठाईत गुंगीचे औषध होते. पहारेकरी झोपले, तो दारातून बाहेर. (तारीख पुन्हा पाहा. त्याचा खरा वाढदिवस ६ एप्रिल. भेट म्हणून आलेली मिठाई खाण्याआधी पहारेकऱ्यांपैकी कोणी नोंदवही उघडली असती तर हा इतिहास वेगळा झाला असता.)

मुंबईचे पोलीस आयुक्त डी. एस. सोमण यांना झेंड्यांची १९७१ ची कामगिरी आठवत होती. सोभराजला प्रत्यक्ष पाहिलेला, त्याची चाल ओळखणारा माणूस हाच. झेंडे आणि त्यांचे सहकारी गोव्याला गेले. गोवा तेव्हा राज्य झालेले नव्हते, ते १९८७ मध्ये झाले. पण परदेशी पाहुण्यांची गर्दी तेव्हाही भरपूर होती आणि परदेशी माणूस तिथे सहज मिसळून जाई.

इथे आपण थोडे थांबू, कारण आम्हाला सर्वांत आवडलेला भाग हाच आहे. मोबाइल नव्हते. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावे लागे, हे तुमच्या आजी अजून सांगत असतील. परदेशी फोन लावण्याची सोय तर मोजक्याच ठिकाणी होती. पळालेल्या माणसाला पैसे हवेत, कागदपत्रे हवीत, म्हणजे बाहेरच्या जगाशी बोलणे भाग आहे. पर्वरीच्या 'ओ कोकेरो' या उपाहारगृहात परदेशी फोन लागत असे. मग तिथे बसायचे आणि वाट पाहायची. कसली चकमक नाही, पाठलाग नाही. रोज तेच उपाहारगृह, तेच दार आणि येणारा-जाणारा प्रत्येक चेहरा. ज्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर दिवस काढले आहेत किंवा परीक्षेत पर्यवेक्षण केले आहे त्यांना ठाऊक आहे की नुसते लक्ष ठेवून बसणे हे जगातले एक कठीण काम आहे.

६ एप्रिल १९८६, रविवार. रात्री टॅक्सीतून दोन माणसे उतरली. एकाच्या डोक्यावर टोपी. झेंडे यांनी टोपीखालचा चेहरा ओळखला. मध्ये चौदा वर्षे गेली होती. ते उठले, मागून गेले, त्याला नावाने हाक मारली आणि मिठी घालून धरले. हातकड्या जवळ नव्हत्या, म्हणून उपाहारगृहातूनच दोर मागवून त्याला बांधले. त्या दिवशी सोभराजला बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. खऱ्या वाढदिवसाला मिठाई कोणी वाटली नाही.

यानंतरची हकिगत थोडक्यात. पळाल्याबद्दल त्याची शिक्षा वाढली, तोवर थायलंडच्या वॉरंटाची मुदत संपली. पळून जाण्यामागे हाच डाव होता असे अनेकांचे मत आहे. १९९७ मध्ये सुटून तो पॅरिसला गेला आणि मुलाखतींचे पैसे घेऊ लागला. २००३ मध्ये काठमांडूला गेला, तिथे ओळखला गेला आणि १९७५ मधल्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली. वयाचा विचार करून नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने सोडल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये तो फ्रान्सला परतला.

आता आमच्या शीर्षकाकडे. ज्या उपाहारगृहात त्याला पकडले, तिथे पुढे एक पुतळा बसवण्यात आला. पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढून घेत. पुतळा कोणाचा? चार्ल्स सोभराजचा. धरणाऱ्याचा नव्हे, धरल्या गेलेल्याचा. उपाहारगृहवाल्यांना आम्ही दोष देत नाही. गिऱ्हाईक ज्याच्यासाठी येते तेच दुकानदार मांडतो, हे खासगी बाजारात राहणाऱ्यांना कोणी शिकवायला नको. सिनेमावाल्यांचेही तेच. २०१५ मध्ये 'मैं और चार्ल्स' हा हिंदी चित्रपट आला, २०२१ मध्ये 'द सर्पंट' ही इंग्रजी मालिका आली. झेंडे मात्र १९९६ मध्ये सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले आणि त्यांच्या नावाचा चित्रपट यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. चिन्मय मांडलेकर यांनी तो दिग्दर्शित केला आणि मनोज बाजपेयी झेंडे झाले. चोराचे नाव त्यात बदलून कार्ल भोजराज केले आहे, हे आम्हाला फार आवडले. तेरा वर्षांवरच्या मुलांनी घरच्यांसोबत बसून पाहायला हरकत नाही.

त्याच वर्षी, १९ ऑक्टोबर २०२५ ला, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून राजघराण्याचे दागिने चोरीला गेले. किंमत सुमारे ८ कोटी ८० लाख युरो, वेळ आठ मिनिटांहून कमी. चोर सुटाबुटात नव्हते, कामगारांची पिवळी जाकिटे घालून शिडीच्या गाडीवरून चढले आणि पळताना महाराणीचा मुकुट रस्त्यात पाडून गेले. आठवड्याभरात पहिल्या अटका झाल्या. पण जगभर फोटो गाजला तो टोपी घातलेल्या एका ऐटबाज तरुणाचा. हाच फ्रेंच गुप्तहेर असणार, असे लोकांनी ठरवूनही टाकले. तो निघाला पंधरा वर्षांचा मुलगा, संग्रहालय पाहायला आलेला! टोपीवरून माणूस ओळखण्याची आपली हौस काही जात नाही.

पालक आणि विश्वस्तांसाठी दोन शब्द. सोभराजने जमीन फोडली ती एकदाच, तीही फसली. त्याची खरी विद्या विश्वास मिळवण्याची होती. ती विद्या आज घरात बसून चालते. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्या ग्वाल्हेरातच एका आश्रमाच्या सचिवांना 'डिजिटल अटके'ची भीती घालून तीन आठवड्यांहून अधिक काळ फोनच्या पडद्यासमोर गुंतवून ठेवले आणि सुमारे अडीच कोटी रुपये काढून घेतले. समोर पोलिसांचा गणवेश, मागे सरकारी बोधचिन्ह, बोलणे कायद्याचे. ज्यांची फसवणूक झाली ते शिकलेले, जबाबदार गृहस्थ होते, त्यामुळे 'आम्ही नाही फसणार' असे कोणी म्हणू नये. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर तो ठेवून द्यावा, घरात सांगावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. आजी-आजोबांना हा परिच्छेद मुलांनीच मोठ्याने वाचून दाखवावा.

विद्यार्थ्यांनो, आता तुमचे काम.

पहिले : १६ मार्च ते ६ एप्रिल १९८६ हे दिवस मोजा आणि त्यांपैकी कोणत्याही एका दिवसाची दैनंदिनी लिहा. मात्र ती चोराची नको. तिहारच्या झोपलेल्या पहारेकऱ्याची चालेल, उपाहारगृहातल्या वाढप्याची चालेल, झेंड्यांसोबत गेलेल्या शिपायाची चालेल. दुसरे : चोर, दरोडेखोर, बागी, ठग, भामटा, उचल्या, लुटारू, या शब्दांची एकेक वाक्ये करा आणि कोणता शब्द कोणाच्या तोंडी येतो ते पुढे लिहा. तिसरे, हे ऐच्छिक आहे : आपल्या गल्लीत निवृत्त पोलीस कर्मचारी राहत असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा आणि त्यांना विचारा, "काका, नुसती वाट पाहत सर्वांत जास्त वेळ कुठे बसलात?" उत्तर आठ-दहा ओळींत आणा. जाताना घरी सांगून जा.

लेखन सुट्या कागदावर, एका बाजूला, समास सोडून. शुद्धलेखनाचे गुण वेगळे. 'निरीक्षक'मधला 'री' दीर्घ आहे.